जुन्या ऑनलाइन मित्रांना सुखदुःख कसं सांगायचं, आणि त्यांचं कसं ऐकायचं

आमची सात जणांची टोळी आहे, १६ वर्षं झाली. त्यातल्या तिघांना मी आजपर्यंत समोरासमोर एकदाही भेटलेले नाही, तरी माझ्या आयुष्यात काही घडलं की घरच्यांच्या पाठोपाठ यांनाच कळतं. नोकरी लागली, सुटली, बाळ झालं, आई गेली, सगळं इथेच सांगून झालंय, आणि सांगण्यात नि ऐकण्यात आमच्या चुकाही झाल्यात, एकदोन चुकांपायी माणसं महिनोन्महिने गप्प बसली होती. त्यातून जे शिकले ते लिहितेय, ज्यांची अशी जुनी मैत्री आहे आणि ती टिकावी असं मनापासून वाटतं त्यांच्यासाठी.

सगळ्यात आधी, मोठी बातमी असेल तेव्हाच बोलायचं असं ठेवू नका. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ साली एक अभ्यास मांडला होता, त्यात नुसत्या ओळखीचं जुजबी मैत्रीत रूपांतर व्हायला साधारण ५० तास आणि जिवलग व्हायला २०० च्या वर तास एकत्र घालवावे लागतात असा अंदाज होता. आता समोर भेटणाऱ्या माणसांचे हे तास आपोआप भरतात, एकत्र काम केलं, एकत्र प्रवास केला, शेजारी नुसतं बसलं तरी भरतात. आपले भरतात ते दोन दोन ओळींच्या मेसेजमधून. म्हणून चष्मा सापडत नव्हता आणि डोक्यावरच होता, तीन दिवसांनी ऊन पडलंय, मुलाने आज पहिल्यांदा स्वतःहून दप्तर आवरलं, असलं सगळं सटरफटर लिहायचंच. ज्याला तुमच्या सोसायटीची बंद पडलेली लिफ्ट माहितीये त्यालाच तुम्ही गुडघेदुखीचं एका वाक्यात सांगू शकता, नाहीतर आधी दोन पानं प्रस्तावना लिहावी लागते आणि मग माणूस म्हणतो जाऊ दे, नकोच सांगायला. फक्त 'आज बोअर झालं' असं लिहून थांबू नका, कशाने झालं ते अर्ध्या ओळीत लिहा म्हणजे समोरच्याला काहीतरी विचारता येतं.

आता आनंदाची बातमी. ही सांगणं सोपं वाटतं पण माझ्या मते दुःखापेक्षा इथेच जास्त गडबड होते. ग्रुपमधल्या एखादीची नोकरी नुकतीच गेलीये आणि तुम्हाला प्रमोशन मिळालंय, किंवा एखादी पाच वर्षं बाळासाठी ट्रीटमेंट घेतेय आणि तुमच्याकडे गोड बातमी आहे. अशा वेळी लपवू नका, मागाहून कळलं तर ते जास्त लागतं, आपली कीव केली असं वाटतं. पण थेट ग्रुपवरही टाकू नका. आधी तिला एकटीला सांगा, आणि फोन न करता लिहून सांगा, कारण फोनवर तिला त्या क्षणी खूश व्हावंच लागतं. लिहिलेला मेसेज ती वाचेल, पाहिजे तर रडेल आणि मग तासाभराने किंवा दुसऱ्या दिवशी खऱ्या मनाने उत्तर देईल. मी असं लिहिलं होतं, 'तुला सगळ्यांच्या आधी सांगतेय, लगेच उत्तर नको देऊस, आजचा दिवस तुझ्यासाठी कसा जाईल माहीत नाही पण तुला दुसऱ्या कुणाकडून कळलेलं मला चाललं नसतं.' तिचं उत्तर दोन दिवसांनी आलं आणि ते खूप सुंदर होतं. ग्रुपवर टाकलं असतं तर चार मिनिटांत अभिनंदन आलं असतं आणि त्यातलं काहीच मला कळलं नसतं.

ऐकणाऱ्याने काय करायचं? इमोजी टाकून मोकळं व्हायचं नाही, एवढंच पहिल्यांदा. शेली गेबल नावाच्या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये यावर लिहिलंय, कुणी चांगली बातमी सांगितली की लोक साधारण चार प्रकारे वागतात: उत्साहाने आणखी विचारतात, नुसतं 'अरे वा छान' म्हणतात, त्यातलं वाईट शोधून देतात (आता काम किती वाढेल बघ), नाहीतर विषयच बदलतात. आणि नातं घट्ट होतं ते फक्त पहिल्या प्रकाराने. ऑनलाइन जगात आपण सगळे नकळत दुसऱ्या प्रकारात जातो कारण अंगठा दाबायला एक सेकंद लागतो. आमच्यातली एक जण ४६ व्या वर्षी गाडी चालवायच्या परीक्षेत पास झाली, सगळ्यांचं अभिनंदन पटापट पडलं आणि विषय संपला, मग एकाने विचारलं, 'रिव्हर्स घेताना हात थरथरले का गं?' आणि पुढचा अर्धा तास ती लिहीत होती, पहिल्या दोन वेळा नापास झाल्याचं, घरच्यांना न सांगता क्लास लावल्याचं, सगळं. ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं! तेव्हा अभिनंदन लिहा, पण त्याला एक खरा प्रश्न जोडा. कुणाला पहिल्यांदा सांगितलंस, कळलं तेव्हा कुठे होतीस, असा कुठलाही.

दुःख सांगायचं असेल तर पहिल्याच ओळीत काय हवंय ते लिहून टाका. 'सल्ला नको, फक्त वाचा' किंवा 'डोकं चालत नाहीये, काय करू सांगा'. हे लिहायला संकोच वाटतो, पण समोरच्यांना तुमचा चेहरा दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे ते अंदाजाने वागणार आणि निम्मे चुकणार. २००५ च्या एका अभ्यासात लोकांना ईमेलवर काही वाक्यं उपरोधाने आणि काही मनापासून लिहायला सांगितली होती, लिहिणाऱ्यांची खात्री होती की वाचणाऱ्याला बहुतेक वेळा फरक कळेल, प्रत्यक्षात वाचणाऱ्यांचे अंदाज नाणं उडवून सांगावेत त्याच्या जरासेच वर होते. आपल्या मनात आपलं वाक्य आपल्या आवाजात ऐकू येतं ना, तिथेच फसगत होते. 'ठीक आहे' हे दोन शब्द मी रडत लिहिले होते आणि पाच जणांनी ते खरंच ठीक आहे असं वाचलं, त्यात त्यांची चूक काहीच नव्हती. लिहून जमत नसेल तर व्हॉइस नोट पाठवा, तीस सेकंदांचीही पुरते.

आणि मोठं संकट असेल, म्हणजे हॉस्पिटल, अपघात, मृत्यू, तर एकच माणूस निवडा ज्याला तुम्ही सांगाल आणि तो बाकीच्यांना सांगेल. तेच सहा वेळा टाइप करणं ही एक शिक्षा असते. त्या माणसाला हेही सांगून ठेवा की फोन चालतील का, कुणाकुणाला कळलं तर चालेल, आणि तुमच्या घरच्यांना हे मित्र माहीत आहेत की नाहीत.

आता सगळ्यात अवघड भाग, दुसऱ्याचं दुःख ऐकणं. 'स्ट्राँग राहा', 'सगळं ठीक होईल', 'काही लागलं तर सांग' ही तीन वाक्यं मी माझ्यापुरती बंद केलीत. तिसरं वाक्य तर चांगल्या मनाने लिहिलेलं असतं पण त्यात काम दुःखात असलेल्या माणसावरच पडतं, काय लागतंय ते शोधायचं आणि मग मागायचं. त्याऐवजी ठरलेलं काहीतरी पुढे करा: 'आज रात्री ११ पर्यंत जागी आहे, साडेदहाला फोन करते, नको वाटला तर उचलू नकोस.' लांबून काही करता येत नाही असं म्हणतात ते मला अजिबात पटत नाही. विम्याचे फॉर्म भरता येतात, तिकीट काढता येतं, वीस नातेवाइकांना पाठवायचा मजकूर लिहून देता येतो, डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची यादी करता येते. आमच्यातल्या एकाचे वडील आयसीयूत होते तेव्हा रात्री आम्ही पाळीपाळीने त्याच्याशी कॉल चालू ठेवून बसलो होतो, कुणी बोलत नव्हतं, तो तिकडे बाकावर आणि आम्ही आपापल्या घरी कामं करत, मधूनच तो म्हणायचा आहेस ना, आणि आपण म्हणायचं आहे.

रोज एक छोटा मेसेज टाकत असाल तर शेवटी 'उत्तर नको देऊस' एवढं जरूर लिहा, नाहीतर न वाचलेल्या मेसेजचंसुद्धा ओझं होतं. आणि गेलेल्या माणसाचं नाव घ्या. लोकांना वाटतं नाव काढलं तर जखम उघडी होईल, पण माझी आई गेल्यावर मला सगळ्यात जास्त हवं होतं ते कुणीतरी तिचं नाव घेऊन 'ती तुझ्या मागून व्हिडिओ कॉलमध्ये डोकावायची, आठवतं का' असं म्हणावं. पहिला आठवडा सगळेच असतात, खरी गरज नंतर पडते, म्हणून बातमी कळल्या दिवशीच फोनच्या कॅलेंडरमध्ये महिन्याचं, सहा महिन्यांचं आणि वर्षाचं रिमाइंडर लावून टाका, शिवाय गेलेल्या माणसाचा वाढदिवस माहीत असेल तर तोही.

कधीकधी कुणाच्या लिहिण्यातून असं वाटतं की हा माणूस जिवाचं काही बरंवाईट करेल. तेव्हा टाइप करत बसू नका, सरळ फोन करा आणि सरळ विचारा, मरायचा विचार येतोय का. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. दुसऱ्या कुणालातरी त्याच्या घरच्यांना गाठायला लावा आणि तुम्ही लाइनवर थांबा. लांबच्या मित्रांच्या बाबतीत एक अडचण लक्षात घ्या, तुम्ही इमर्जन्सी नंबर फिरवला तर तो तुमच्या भागात लागतो, मित्राच्या नाही. म्हणून त्याच्या गावचा नंबर कोड लावून कसा लावायचा, त्याचा पूर्ण पत्ता काय, हे आधीच लिहिलेलं असलं पाहिजे, त्या घाईत सापडत नाही.

गुपितांबद्दल थोडक्यात, स्क्रीनशॉट काढू नका, एकाचं दुसऱ्या ग्रुपवर विचारल्याशिवाय नेऊ नका, नवऱ्याला बायकोला सांगणार असाल तर तसं आधी सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवर २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांनी मेसेज आपोआप जातील अशी सोय आहे, फार नाजूक बोलणं असेल तर ती वापरा, पण समोरच्याने फोटो काढून ठेवला तर ती सोय काही करू शकत नाही, तेव्हा शेवटी भिस्त माणसावरच.

आणि कुणी नुसताच गप्प झाला तर रुसून बसू नका, लिहा. इतके दिवस झाले आता कसं लिहू असं वाटतं, पण २०२२ च्या एका संशोधनात दिसलं की अचानक विचारपूस केल्यावर समोरच्याला किती बरं वाटतं याचा अंदाज आपण कमीच करतो. 'तुझी आठवण आली, बाकी काही नाही' एवढं पुरतं.

शेवटची एक व्यवस्था मात्र आजच करा. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, याहू मेसेंजर १७ जुलै २०१८ ला, आणि त्यांच्याबरोबर कितीतरी लोकांची माणसंच हरवली कारण एकमेकांचं दुसरं काहीच माहीत नव्हतं. आमचीही एक मैत्रीण अशीच हरवली, ती कशी आहे आम्हाला आजही माहीत नाही. तेव्हा प्रत्येकाचा फोन, ईमेल आणि घरातल्या एका माणसाचा नंबर घेऊन ठेवा. आणि उलट बाजूनेही, तुमच्या घरी कुणाला तरी ही नावं माहीत हवीत. नॉर्वेचा मॅट्स स्टीन हा तरुण स्नायूंच्या आजाराने २०१४ मध्ये २५ व्या वर्षी गेला, घरच्यांना वाटत होतं की गेममध्ये रमलेला हा मुलगा एकटाच होता, मग वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर बातमी लिहून खाली आपला ईमेल दिला आणि देशोदेशींच्या मित्रांची पत्रं यायला लागली, काही जण तर अंत्यसंस्काराला आले. हे घडलं कारण वडिलांकडे त्या ब्लॉगचा पासवर्ड होता. गूगलमध्ये अकाउंट बराच काळ वापरलं गेलं नाही तर ठरवलेल्या माणसाला कळवायची सोय आहे, फेसबुकवरही आपल्यामागे खातं सांभाळणारा माणूस नेमता येतो, दोन्ही पाच मिनिटांचं काम आहे. मी त्याशिवाय एक कागद केलाय, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय, वर लिहिलंय 'मला काही झालं तर यांना कळवा' आणि खाली सहा नावं. मुलीला दाखवून ठेवलाय. दर जानेवारीत नंबर तपासते, यंदा दोन बदलले होते.