युद्धग्रस्तांच्या मदतीसाठी चेंबर म्युझिकची (मोजक्या वादकांच्या पाश्चात्त्य अभिजात संगीताची) मैफल कशी भरवावी

१. हॉल बुक करण्याआधी पैसे कुठे आणि कसे जाणार ते पक्कं करा. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये पंडित रविशंकर आणि ‘बीटल्स’मधले जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशी निर्वासितांसाठी कार्यक्रम केला. तिकिटांचे पैसे युनिसेफकडे गेले; पण करमाफीची तजवीज आधी न केल्याने रेकॉर्ड-विक्रीची मोठी रक्कम वर्षानुवर्षं अडकून पडली. म्हणून ज्या मदतसंस्थेला पैसे देणार तिला लेखी विचारा: तिकिटाचे पैसे थेट तुमच्या खात्यात घेता का? पावती कोण देणार? परदेशात खर्च करायची परवानगी आहे का? उत्तर गोलमोल आलं, तर दुसरी संस्था शोधा.

२. कार्यक्रम तासाभराचा पुरे. रशियन संगीतकार शोस्ताकोविचचा आठवा क्वार्टेट (चार तंतुवाद्यांसाठीची रचना) घ्याच. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बवर्षावात बेचिराख झालेल्या, जर्मनीतल्या ड्रेस्डेनजवळ १९६० साली लिहिलेली ही रचना फॅसिझम आणि युद्धाच्या बळींना अर्पण केलेली आहे. पाच भाग, मध्ये न थांबता, साधारण वीस मिनिटं. मात्र तिचा स्वामित्वहक्क भारतात २०३५ अखेरपर्यंत आहे. कार्यक्रम धर्मादाय म्हणून परवाना माफ होईल असं गृहीत धरू नका, आयपीआरएसकडे (संगीताचे परवाने देणाऱ्या संस्थेकडे) चौकशी करा. सुरुवातीला अठराव्या शतकातल्या हायडनची रचना ठेवा, तिचा स्वामित्वहक्क कधीच संपलाय, तिथे ही कटकट नाही.

३. जागा ऐंशी-शंभर खुर्च्यांची, माइक अजिबात नको. वादकांना हात नसलेल्या खुर्च्या लागतात, नाहीतर कोपर अडतं. चेलोची (बसून वाजवायच्या, व्हायोलिनसारख्या मोठ्या वाद्याची) खालची अणी गुळगुळीत फरशीवर सटकते, तिच्याखाली जाड सतरंजीचा तुकडा टाका. पंखे चालू असतील तर नोटेशनची पानं उडतात; कपडे वाळत घालायचे चिमटे घेऊन जा. पावसाळ्यात एसी आयत्या वेळी लावला की तारांचा सूर हलतो, तो तासभर आधीच सुरू करा.

४. शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय हे सगळं कटाप. संस्थेच्या माणसाने पाच मिनिटं बोलावं, तेही शोस्ताकोविचच्या आधी. नंतर कुणाला ऐकवत नाही. दारातला क्यूआर कोड संस्थेच्याच खात्याचा हवा, खजिनदाराच्या फोनचा नको.

५. वादक फुकट वाजवतील असं परस्पर ठरवू नका. प्रत्येकाला वेगळं विचारा, प्रवासखर्च तरी द्याच; तो आणि हॉलचं भाडं प्रायोजकाकडून काढा.

६. आठवड्याच्या आत हिशेब, चहाच्या बिलासकट, तिकीट घेतलेल्या सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. संस्थेची पावती सोबत जोडा.