नवीन टेबल सॉ नीट कापत नाहीये? परत द्यायच्या आधी एवढं बघा

नवीन टेबल सॉ (टेबलातून वर आलेल्या गोल ब्लेडने लाकूड कापणारं मशीन) घेतला, हौसेने खोक्यातून काढला, जोडला, पहिली फळी घातली आणि कापलेल्या कडेला जळल्याचा काळा डाग. दुसरी पट्टी एका टोकाला जाड, एका टोकाला बारीक. माझं अगदी हेच झालं होतं आणि दोन दिवस मी नुसती फेन्स (लाकूड ज्याला टेकवून पुढे ढकलतात ती बाजूची सरळ पट्टी) इकडेतिकडे सरकवत बसलो, खूप चिडचिड झाली, एवढे पैसे घालून हे काय पदरात पडलं असं वाटत होतं. नंतर कळलं की मी सुरुवातच चुकीच्या जागेवरून करत होतो. म्हणून हे सविस्तर लिहितोय, कारण नवीन मशीन कारखान्यातून पक्कं सेट होऊन येतं हा समज चुकीचा आहे, वाहतुकीत हादरे बसतात आणि सेटिंग हलतं.

सगळ्यात आधी प्लग काढा. नुसता स्विच बंद नाही, प्लगच काढायचा, आणि हाताला ब्लेड लागणार असेल तेव्हा प्रत्येक वेळी काढायचा.

आता मुख्य गोष्ट. टेबलावर मायटर गेज (आडवं कापताना लाकूड कोनात धरणारा सरकता आधार) सरकवायचा जो खाचा असतो ना, तो स्लॉट, सगळी मापं त्याच्यापासून घ्यायची. आधी ब्लेड स्लॉटला समांतर, मग फेन्स. उलटं केलंत तर काहीच जुळत नाही. ब्लेड पूर्ण वर घ्या, एका दातावर पेनाने खूण करा, तो दात पुढच्या बाजूला आणा. कॉम्बिनेशन गुण्या (पट्टी सरकवता येणारा) स्लॉटच्या कडेला घट्ट टेकवा आणि पट्टी सरकवून त्या दाताला जेमतेम लागेल अशी फिक्स करा. मग ब्लेड हाताने फिरवून तोच दात मागे न्या, गुण्याही स्लॉटमधून मागे सरकवा आणि बघा. दात तोच हवा, कारण ब्लेडमध्येच थोडा बाक असेल तर वेगळ्या दातावर माप फसतं. मागे पट्टी दाताला तशीच हलकी घासली तर छान. मध्ये फट दिसली तर साध्या प्रिंटिंगच्या कागदाचा तुकडा घालून बघा, तो कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो, फरक तेवढाच असेल तर चालतंय, दोन-तीन कागद आरामात जात असतील तर मात्र दुरुस्ती हवीच. पट्टी मागे अडकत असेल तर ब्लेड उलट्या बाजूला तिरकं आहे, मग हेच माप मागून पुढे घ्या.

दुरुस्तीसाठी मोटर आणि ब्लेड धरणारी ब्रॅकेट टेबलाला ज्या बोल्टांनी बसवलेली असते ते थोडेसे सैल करायचे (कुठले ते मॅन्युअलमध्ये बघा, प्रत्येक मशीनचं वेगळं असतं), लाकडाचा ठोकळा लावून हलकं ठोकायचं, परत मोजायचं. बोल्ट आवळताना ते पुन्हा सरकतं, तिथे भयंकर वैताग येतो, पण एकेक बोल्ट थोडा थोडा आळीपाळीने आवळलात तर जागेवर राहतं. मला तिसऱ्या वेळी जमलं.

मग फेन्स. ती स्लॉटला समांतर करा, मागच्या बाजूला ब्लेडपासून केसभर लांब असली तरी चालेल पण मागे ब्लेडकडे झुकलेली अजिबात नको. लाकूड फेन्स आणि ब्लेडमध्ये चेपलं जातं, मागचे दात वर येताना त्याला उचलतात आणि ते सरळ तुमच्या अंगावर येतं, यालाच किकबॅक म्हणतात. काळा डाग ही त्याचीच आधीची सूचना असू शकते म्हणून तो फक्त दिसायला वाईट आहे असं समजू नका. रिव्हिंग नाईफ (ब्लेडच्या लगेच मागे उभा असणारा, कापलेले दोन भाग वेगळे ठेवणारा पत्रा) ब्लेडच्या अगदी रेषेत आहे का तेही बघा, तो ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जाड आणि ब्लेड जेवढं लाकूड खातं त्यापेक्षा बारीक हवा. पातळ ब्लेड आणून बसवलं की हे बिघडतं आणि फळी मध्येच अडकते.

ब्लेड टेबलाशी काटकोनात आहे का ते बघायला ब्लेडच्या सपाट पत्र्याला गुण्या लावा, दाताला नको. खात्री करायची तर फळी उभी धरून नाही, टेबलावर सपाट ठेवून आडवी कापा, एक तुकडा उलटा (खालची बाजू वर) करून कापलेल्या कडा जोडा, फट दिसली तर चूक त्या फटीच्या निम्मी.

एवढं करूनही जळत असेल तर ब्लेड बघा. सोबत आलेलं ब्लेड बऱ्याचदा कामचलाऊ असतं. लांबीत चिरायला १० इंची ब्लेडला २४ दात पुरतात, आडव्या कापाला ६० ते ८०. ८० दातांच्या ब्लेडने जाड लाकूड लांबीत चिरलं तर भुसा बाहेर पडायला जागाच मिळत नाही, जळणारच. मोटर दमत असेल तर लांब आणि बारीक एक्स्टेन्शन वायर काढून थेट भिंतीतल्या सॉकेटला लावून बघा.

परत कधी द्यायचं? ब्लेड हाताने फिरवताना डुगडुगतंय, दुसरं चांगलं ब्लेड घालूनही तसंच, म्हणजे बहुधा ब्लेड बसतं तो शाफ्टच वाकडा. किंवा टेबलावर सरळ पट्टी उभी ठेवली की खालून बराच उजेड दिसतोय. यावर आपल्या हातात उपाय नाही, परतीची मुदत संपायच्या आत बदलून मागा आणि मापं घेतानाचे फोटो काढून ठेवा, बोलताना फार उपयोग होतो.

माझ्या मशीनला यातलं काही नव्हतं. सगळं सेट केल्यावर पुश स्टिकने (लाकूड पुढे ढकलायची काठी) एक लांब पट्टी चिरली, दोन्ही टोकं मोजली, सारखी निघाली, कडेला डाग नव्हता.