शंभर वर्षांपूर्वीच्या मंगळकथा वाचायच्या असतील तर सुरुवात कशी करायची

तलवारी, चार हातांचे हिरवे योद्धे, हवेत तरंगणारी लढाऊ जहाजं असल्या जुन्या मंगळकथा वाचायला घेतल्या आणि तीसेक पानांत सोडून दिल्या असं सांगणारे बरेच जण भेटतात. मीही पहिल्यांदा सोडलीच होती, कॉलेजात असताना, कारण दर पानावर "अरे पण मंगळावर एवढी हवा कुठेय" करत बसलो आणि गोष्ट तशीच पुढे निघून गेली. नंतर काही वर्षांनी परत घेतली, जरा वेगळ्या पद्धतीने, आणि तेव्हापासून दर एक-दोन वर्षांनी मी परत जातोच तिकडे. ती पद्धत इथे लिहितोय, कोणाला उपयोग झाला तर फार बरं वाटेल.

पुस्तक उघडायच्या आधी एक रात्र गच्चीवर जा आणि मंगळ बघून या. मोबाइलवर आकाशाचा नकाशा दाखवणारं कुठलंही अ‍ॅप चालेल. नारिंगी, स्थिर, आजूबाजूच्या ताऱ्यांसारखा न लुकलुकणारा ठिपका. साधारण दर २६ महिन्यांनी तो पृथ्वीच्या जवळ येतो तेव्हा मस्त ठळक दिसतो, पुढची तशी वेळ २०२७ च्या फेब्रुवारीत आहे, पण मधल्या काळातही बरेच महिने सापडतो. हे आधी करायला सांगतोय कारण या कथांची सगळी जादू तिथेच आहे असं मला मनापासून वाटतं, की हे कुठलं तरी काल्पनिक राज्य नाहीये, बोट दाखवता येतं अशी जागा आहे, आणि कोणीतरी बसून तिथली वाळू, तिथलं शेवाळ, तिथली पडकी शहरं अशी लिहिली की जणू तो कालच तिकडून परत आलाय. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन लहानपणी मोकळ्या मैदानात उभा राहून मंगळाकडे हात पसरायचा, मला तिकडे घेऊन जा म्हणून, कारण या कथांचा नायक जॉन कार्टर तसाच गेला होता. पुढे तोच माणूस खऱ्या मंगळमोहिमांवर काम करायला लागला.

मग पुस्तक. सुरुवात एडगर राइस बरोजच्या 'अ प्रिन्सेस ऑफ मार्स'पासूनच करा, दुसरीकडून नको. बरोज १९५० साली गेला आणि मंगळमालिकेतली सुरुवातीची पुस्तकं प्रोजेक्ट गुटेनबर्ग या साइटवर फुकट आणि कायदेशीर मिळतात, लिब्रिवॉक्सवर ऑडिओ पण आहे. हा माणूस १९११ मध्ये पस्तिशीचा होता, एकामागून एक धंदे बसलेले, पेन्सिलीला टोक करायची यंत्रं विकणाऱ्या एजंटांवर देखरेख करायचं काम, आणि रिकाम्या वेळात तो ही गोष्ट लिहीत बसला. 'ऑल-स्टोरी' मासिकाने ती ४०० डॉलरला घेतली आणि १९१२ च्या फेब्रुवारी ते जुलै अशी सहा महिने छापली. टोपणनाव त्याने 'नॉर्मल बीन' दिलेलं, म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे बरं का, आणि छापणाऱ्यांनी ते चूक समजून 'नॉर्मन' करून टाकलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच मासिकात टारझन आला. पुस्तकरूपात मंगळकथा यायला १९१७ उजाडलं.

हे सहा महिन्यांचं लक्षात ठेवा कारण वाचायचा वेग त्यावरून ठरतो. ही गोष्ट हप्त्याहप्त्याने वाचायलाच लिहिलीय. अख्खी एका रविवारी संपवायला गेलात तर पकडला गेला, सुटला, परत पकडला गेला हे कंटाळवाणं होतं. प्रकरणं २८ आहेत, रोज रात्री एक धरलं तर चार आठवडे. प्रस्तावना गाळू नका प्लीज. त्यात बरोज सांगतो की हे हस्तलिखित माझ्या काकांचं, म्हणजे जॉन कार्टरचं आहे, आणि काकांच्या इच्छेप्रमाणे त्यांचं जे थडगं बांधलंय त्याच्या दाराचं कुलूप फक्त आतून उघडतं. एवढं एक वाक्य वाचून ज्याला पुढे जावंसं वाटणार नाही त्याने खरंच दुसरं काहीतरी वाचावं.

आता भाषा. इंग्रजी जुनं आहे, वाक्यं लांबलचक, आणि मनातल्या मनात वाचलं तर दमायला होतं. मोठ्याने वाचा. मी माझ्या भाचीला वाचून दाखवायला लागलो, म्हणजे वाचता वाचता मराठीत सांगायचो, आणि तेव्हा कळलं की ही मुळात सांगायची गोष्ट आहे. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न ज्यांनी लहानपणी वाचलाय त्यांना ही लय लगेच सापडेल.

तिसरं प्रकरण हळू वाचा, एकदम हळू. जॉन कार्टर मंगळावर जागा होतो, उभं राहायला जातो आणि उडतो, आणि तोंडावर आपटतो, कारण तिथे गुरुत्वाकर्षण कमी (खऱ्या मंगळावर आपल्या साधारण ३८ टक्के आहे). मग तो बाळासारखा रांगत रांगत एका बुटक्या भिंतीपाशी जातो, चार फूट उंच, वर जाड काचेचं छप्पर, आत शेकडो अंडी, काही फुटलेली आणि आतनं हिरवी पिल्लं त्याच्याकडे डोळे मिचकावत बघतायत. तो बघण्यात गुंग आणि मागून एक स्वार चाळीस फुटी भाला घेऊन येतोय. त्याला सावध करतो तो फक्त स्वाराच्या सरंजामाचा खणखणाट. कार्टर घाबरून उडी मारतो आणि तीस फूट वर जातो, शंभर फूट लांब पडतो. बघा, जो नियम आत्ताच त्याला तोंडावर पाडत होता त्यानेच जीव वाचला, आणि लेखकाने गुरुत्वाकर्षणावर लेक्चर दिलंच नाही, आपल्याला अंगाने कळलं. भाचीने त्या रात्री गादीवर उड्या मारून बघितल्या होत्या.

विज्ञानाचं काय करायचं हा प्रश्न मला सगळे विचारतात. माझं म्हणणं, त्या काळचं आकाश डोक्यात ठेवून वाचा. १८७७ साली इटलीच्या स्कियापारेल्लीला मंगळावर रेघा दिसल्या, त्याने 'कनाली' म्हटलं म्हणजे नुसते प्रवाह किंवा चर, इंग्रजीत त्याचे कालवे झाले, आणि कालवे म्हटलं की खणणारा कोणीतरी आलाच. मग पर्सिव्हल लॉवेल नावाच्या बॉस्टनच्या श्रीमंत माणसाने १८९४ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या फ्लॅगस्टाफला वेधशाळा बांधली आणि वर्षानुवर्षं नकाशे काढून सांगितलं की हा ग्रह सुकत चाललाय आणि तिथले लोक ध्रुवावरच्या बर्फाचं पाणी कालव्यांनी आणतायत. बरोजने हेच उचललं. आटलेले समुद्र, त्यांच्या तळावर पिवळसर शेवाळ, समुद्र मागे सरकला म्हणून ओसाड पडलेली बंदरं, हवासुद्धा कारखान्यात बनवावी लागते. सगळ्या टोळ्या एकमेकांच्या जिवावर उठल्यात कारण उरलंय तेच थोडं आहे, आणि ज्यांनी उन्हाळ्यात टँकरची वाट बघत रांगेत दिवस काढलेत त्यांना हे मुद्दाम समजावून सांगावं लागणार नाही.

बरोजच्या काही गोष्टी बरोबर पण निघतात हां. जवळचा चंद्र तिथे आकाशातून धावत जातो, साडेसात तासांहून थोड्या जास्त वेळात एक फेरी, आणि मंगळाचा खरा जवळचा चंद्र, फोबोस, तोही तेवढ्याच वेळात फिरतो. बाकीचं १९६५ च्या जुलैमध्ये संपलं, मरिनर ४ यान जवळून गेलं, २२ फोटो पाठवले, खड्डेच खड्डे, कालवा एकही नाही. तरी लोक वाचत राहिलेच, साठच्या दशकात तर पेपरबॅकमध्ये ही मालिका नव्याने जोरात आली. म्हणून मी म्हणतो की मंगळ खरा तसा आहे की नाही यावर ही गोष्ट उभीच नव्हती.

खटकणार काय तेही सांगतो, कारण ते लपवून पुस्तक हातात देणं मला पटत नाही. कार्टर हा अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेच्या, म्हणजे गुलामगिरी टिकवायला लढणाऱ्या बाजूचा कॅप्टन, आणि लेखकाला त्यात काही वावगं वाटत नाही. पहिल्या प्रकरणात अपाची या अमेरिकेतल्या आदिवासी लोकांबद्दल जे लिहिलंय ते वाईट आहे. मी भाचीला वाचताना ते गाळलं नाही, थांबून सांगितलं की हे असं का लिहिलं जायचं. देजा थोरिस, म्हणजे राजकन्या, सुरुवातीला पकडणाऱ्यांसमोर ताठ उभी राहून जे बोलते ते छान आहे, पण नंतर तिला सारखं सोडवावंच लागतं.

कंटाळा यायला लागला तर वूला कुठे येतो ते बघत राहा. वूला म्हणजे दहा पायांचा, बेडकासारख्या तोंडाचा राखणदार प्राणी, कार्टरवर पहारा द्यायला ठेवलेला. हिरव्या लोकांत माया हा प्रकार नाही, त्यामुळे त्याला आयुष्यात कोणी कुरवाळलेलं नसतं. कार्टर एकदा खाली बसतो, त्याच्या त्या अवजड मानेला मिठी मारून थोपटतो आणि घरच्या कुत्र्याशी बोलावं तसं बोलतो, आणि तो राक्षस उलटा पडून लोळायला लागतो. तिथून पुढे भाचीचा रोजचा पहिला प्रश्न, "मामा, आज वूला आहे का?"

पहिलं झालं की दुसरं आणि तिसरं एकत्रच डाउनलोड करून ठेवा, कारण दुसरं अशा जागी संपतं की तिसरं हाताशी नसेल तर रात्र जाते. चौथं राहिलं तरी चालेल. मधे चव बदलायला ली ब्रॅकेटच्या मंगळकथा घ्या, 'प्लॅनेट स्टोरीज' मासिकातल्या, तिचा मंगळ आणखी म्हातारा आणि थकलेला आहे, आणि 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'च्या पटकथेवर जिचं नाव आहे ती हीच. स्टॅन्ली वाइनबॉमची १९३४ ची 'अ मार्शियन ओडिसी' एका बैठकीत होते, त्यातला ट्वील नावाचा पक्ष्यासारखा प्राणी माणसासारखा विचार करत नाही तरी मित्र होतो, हे वाचून मी दोन दिवस त्याच विचारात होतो.

बरोजच्या मालिकेतलं पाचवं मात्र सोडू नका, 'द चेसमेन ऑफ मार्स', १९२२ चं. त्यात जेतान नावाचा मंगळावरचा बुद्धिबळ आहे आणि शेवटी सगळे नियम दिलेत, खरंच खेळता येतो. दहा बाय दहाचा पट, काळी आणि नारिंगी घरं, प्रत्येकी २० सोंगट्या. आपल्या बुद्धिबळाच्या सोळाच असतात म्हणून आम्ही लग्नपत्रिकांचा पुठ्ठा कापून केल्या आणि वर पेनाने चिन्हं काढली. राजकन्या स्वतः कोणाची सोंगटी मारू शकत नाही, पण अख्ख्या डावात एकदाच ती दहा घरांची चाल करून पळून जाऊ शकते. भाची ती चाल शेवटपर्यंत राखून ठेवते आणि मी प्रत्येक वेळी ते विसरतो.