अडकलेलं डिपॉझिट: किल्ली देण्याआधीची कामं

घरमालक डिपॉझिटमधून 'रंगकामाचे कापले' म्हणतो, तेव्हा आधी लिव्ह अँड लायसन्स करार (घर ठरावीक मुदतीसाठी वापरायला दिल्याचा करार) काढा. रंगाचा खर्च भाडेकरूवर असं त्यात लिहिलेलं नसेल, तर नेहमीच्या वापराने मळलेल्या भिंतींसाठी कपात मान्य करू नका, बिलं मागा. तोंडी आकडा फुगलेला असू शकतो.

सोडायच्या दिवशी वीजमीटरचं रीडिंग, नळ, गीझर, फरशी यांचा सलग व्हिडिओ घ्या. किल्ली आणि पैसे एकाच वेळी, हे आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर ठरवा. पण पैशांसाठी घर अडवून बसू नका! मुदत संपल्यावर राहिलात तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 24 नुसार भाड्याच्या दुप्पट शुल्क लागू शकतं आणि डिपॉझिट त्यातच जिरतं. तरीही पैसे नाही मिळाले, तर किल्ली दिल्याची पोच घ्या आणि बँक स्टेटमेंट जोडून 15 दिवसांच्या मुदतीची लेखी मागणी स्पीड पोस्टाने पाठवा.

करार नोंदवलेलाच नसेल तर घाबरायचं मालकाने. याच कायद्याच्या कलम 55 प्रमाणे नोंदणीची जबाबदारी त्याची, शिक्षाही त्यालाच, आणि वादात अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं आधी धरलं जातं. लेखी मागणीत हे कलम जरूर लिहा. पोलीस बहुधा 'दिवाणी बाब' म्हणून परत पाठवतात. डिपॉझिटसाठी कोर्टात दावा करायची मुदत साधारण 3 वर्षं.