फोटो सरकवताना अ‍ॅप बंद पडायचं, ते असं थांबलं

नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या संत्र्याच्या अडत्यासाठी अ‍ॅप केलं. त्यांचा फोन अँड्रॉइड ७ चा. चौथ्या-पाचव्या ढिगाचा फोटो आला की अ‍ॅप बंद, लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’. जेपेग दाबून लहान केले, फरक शून्य. ‘लार्ज हीप’ (अ‍ॅपला जास्त मेमरी मागणारी सेटिंग) लावलं, दोन-चार फोटो पुढे जाऊन पुन्हा तेच. चार रात्री नुसता वैताग.

फाइल कितीही लहान असो, ४०००×३००० चा फोटो मेमरीत उलगडला की पिक्सेलमागे ४ बाइट, म्हणजे ४८ एमबी!

आधी फोटो वाचतानाचा ‘इनजस्टडिकोडबाउंड्स’ हा पर्याय ट्रू करून फक्त लांबी-रुंदी वाचली. मग ‘इनसॅम्पलसाइझ’ ४ दिलं, म्हणजे लांबी-रुंदी प्रत्येकी एक चतुर्थांश. पहिलं परत फॉल्स केलं (विसरलात तर बिटमॅप, म्हणजे उलगडलेला फोटो, नल म्हणजे रिकामा येतो), इनपुट स्ट्रीम (फाइल वाचायचा प्रवाह) नव्याने उघडून फोटो वाचला: १०००×७५०, फक्त ३ एमबी. यादी शेवटपर्यंत सरकते आणि संत्र्याच्या सालीवरचा डागही दिसतो.