मॉन्ड्रियानची नक्कल करताय? या चुका टाळा

‘हे काय, पट्टी घेतली की झालं!’ डच चित्रकार पीट मॉन्ड्रियानचं १९३० सालचं, काळ्या सरळ रेषांनी आखलेलं लाल-निळं-पिवळं चित्र सरावाला घेताना मीही हेच म्हटलं होतं. मूळ चित्र झुरिकच्या कुन्स्टहाउस या कलासंग्रहालयात आहे, जेमतेम दीड फूट चौरस. माझे तीन कॅनव्हास त्यापायी वाया गेले.

पहिली चूक रंगाची ट्यूब उघडायच्या आधीच होते. आपण सगळ्या काळ्या रेषा सारख्याच जाड धरतो. डावीकडची आखूड आडवी पट्टी नीट बघा, चांगलीच जाडजूड आहे. ती बारीक काढली की उजवीकडच्या भल्यामोठ्या लाल चौकोनाला तोलून धरायला काही उरत नाही. म्हणून फोनमध्ये बघून अंदाजपंचे आखू नका. प्रिंट काढा, मोजा आणि त्याच प्रमाणात आखा. फोटो कडेने कापलेला नाही ना, तेही तपासा.

सगळ्यात जास्त रडवतो तो मास्किंग टेप, म्हणजे रेष सरळ यावी म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना चिकटवायचा कागदी टेप. त्याच्या खालून काळा रंग झिरपतो आणि रेषेला मिशा फुटतात. कॅनव्हास मधोमध लवतो, त्यामुळे टेप तिथे नीट बसत नाही. खालून एखादं पुस्तक सरकवा आणि टेपची कड नखाने दाबा. मग काळा लावायची घाई न करता, टेपखाली जो रंग आहे त्याच रंगाचा पातळ हात कडेवरून फिरवा. पांढऱ्यावर पांढरा, लालवर लाल. जे झिरपायचं ते दिसणार नाही, आणि फटही बुजेल. तो वाळला की काळा द्या आणि काळा जरा ओलसर असतानाच टेप तिरका, सावकाश ओढा. खालचा रंग मात्र रात्रभर वाळलेला हवा, पावसाळ्यात त्याहून जास्त. खाकी पॅकिंग टेप तर नकोच. माझा अख्खा पांढरा थर सोलून निघाला होता.

पिवळ्या अ‍ॅक्रिलिकमधून पेन्सिलच्या रेघा दिसतात. आधी त्या खोडा, मग दोन-तीन पातळ हात द्या. काळा ब्रश धुतलेल्या पाण्यात पिवळा कालवला तर तो शेवाळी होतो. त्यावर आणखी पिवळा चोपडून उपयोग नाही. वाळू द्या, पांढरा हात मारा, मग पुन्हा पिवळा.

शेवटी चित्र उलटं टांगून बघा, चुकलेली जाडी लगेच खुपते. खुद्द मॉन्ड्रियानचं रंगीत टेपांनी केलेलं १९४१ सालचं एक काम कित्येक दशकं उलटं टांगलेलं असावं, असं २०२२ मध्ये जर्मनीतल्या एका संग्रहालयातून सांगितलं गेलं. तेव्हा तुमचं कुणी उलटं धरलं, तर रागावू नका.