नवी बारा बोअर बंदूक, कोरडं वंगण आणि चिकट बिजागरी

शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली नवी एकनळी. कोकणातल्या धुळीत तेल चिखल होतं, म्हणून पीटीएफईचं (म्हणजे टेफ्लॉनचं) कोरडं वंगण वापरायचं ठरवलं. दोन दिवसांत बिजागरीत पांढरट-करडा लगदा, आणि नळी उघडताना हात भरून येई.

आधी नुसतं पुसून वर फवारलं. मग रॉकेलने धुऊन फवारलं, तर थर पापुद्र्यासारखा सुटला. वैताग आला. दोष वंगणाचा नव्हता. कारखान्यातलं गंजरोधक ग्रीस खाचेत शिल्लक होतं, आणि रॉकेलही स्वतःची तेलकट साय मागे ठेवतं.

जमलं ते असं: बंदूक रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने दोनदा पाहिलं, काडतुसं दुसऱ्या खोलीत. पुढचं लाकूड व नळी काढली. आतल्या खटक्याला हात लावला नाही. खिडक्या उघड्या, चूल बंद. जाड ग्रीस चिंधीने, उरलेलं ग्रीस रॉकेलने आणि जुन्या टूथब्रशने. काडतूस बाहेर ओढणाऱ्या पट्टीची खाच काडीने कोरली, सगळा माल तिथेच होता. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, पांढरी चिंधी पांढरीच निघेपर्यंत (लाकडाला लागू देऊ नका, पॉलिश जातं). पूर्ण वाळल्यावर बिजागरीवर पातळ थर, वाळू दिला, दुसरा थर. वीसेक वेळा उघडझाप, सुटलेली पूड पुसली.

नळीला आतबाहेर मात्र तेलाचाच पातळ हात. उघडं पोलाद पावसाळ्यात लगेच गंजतं. बार काढण्याआधी आतून कोरडी चिंधी फिरवतो.